अडीच पाणी

दिनू,

काल सकाळी तुझ्या द्राक्षबागेवर मी फवारा मारला. मोरचूद मी मापलं, चुना मी विझवला, दोन्ही मी कालवलं. गड्यांनी फक्त पंप चालवले. औषध जड झालं तर पानाची कड तिसऱ्या दिवशी करपते, असं तूच सांगायचास. म्हणजे उद्या कळेल. तोवर दुकानात बसवत नाही आणि बागेत जायचं धाडस होत नाही, म्हणून कागद पुढ्यात ओढला आहे.

कागद तुझ्या कॉलेजच्या लोकांनी दिलेला आहे. त्यांच्या अंकात तुझ्यावर काही छापायचं आहे. जन्मगाव, शिक्षण, प्रयोगशाळेतल्या नोकरीची वर्षं, स्वभाव मनमिळाऊ, हे सगळं ते लिहितील. मला म्हणाले, तुम्ही वडूजपासूनचे मित्र, तुम्ही आठवणी लिहा. मी विचारलं, भांडणं लिहिली तर चालतील का. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

उद्या तुझा दहावा. दहा दिवस घरच्यांनी शेतात पाऊल टाकायचं नाही, हे मला माहीत आहे, तुझ्या भावकीलाही माहीत आहे. पण छाटणी होऊन महिना झाला, पानं कोवळी आहेत, आणि पाच दिवस झाले आभाळ हटत नाही. सकाळी नऊपर्यंत धुकं. पलीकडच्या बागेत पानांवर तेलाचा थेंब पडावा तसे पिवळे डाग आले. हा केवडा रोग आला की चार दिवसांत घडापर्यंत जातो. सातव्या दिवशी मी भेटायला गेलो, तर शालन वहिनींनी चहासुद्धा विचारला नाही. म्हणाल्या, "भावजी, फवारा मारायचा. रोग दहा दिवस थांबत न्हाई."

मी मान हलवली, पण मारायचं काय हा प्रश्न होता. कारण या आठवड्यात माझ्या दुकानात, तासगावातल्या सगळ्यात मोठ्या शेती-औषधांच्या दुकानात, ताजं मोरचूद किलोभरही नव्हतं. सांगलीत विचारलं, तिथंही नव्हतं. माल मिरजेला रेल्वेच्या वाघिणीत अडकून पडला होता. उरली होती ती तुझ्या शेडमधली दोन पोती.

ती दोन पोती कुठली, हे तुला सांगायची गरज नाही. पण अंक वाचणाऱ्यांना माहीत नाही, आणि तुझ्या-माझ्यातलं सगळं भांडण त्या पोत्यांचंच आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दुसरी छाटणी. मोरचूद मिळेना. सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याच्या मागच्या गोदामात बावीस पोती पडून असल्याची मला खबर लागली. शनिवार होता, तुझं कॉलेज अर्धा दिवस, म्हणून तुला बरोबर घेतलं. गोदामाच्या भिंतीला पलीकडून पाववाल्याची भट्टी लागून होती. दोन उन्हाळे त्या भिंतीला टेकून पडलेला माल. पोतं उघडलं तर निळा रंग गेलेला, राखेत थोडी नीळ मिसळावी तसा. मला मनातून आनंद झाला. खराब दिसणारा माल म्हणजे घासाघीस करायला हातात मुद्दा.

अडत्यानं रुमाल टाकला. त्याचा हात खाली, माझा हात खाली. बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं हवापाण्याचं बोलायचं. या बाजाराचा नेम तुला माहीत होता, मीच शिकवला होता. रुमालाखाली हात गेले की तिसऱ्या माणसानं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर सौदा मोडला. हमाल म्हणून या बाजारात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा असंच मधे बोललो म्हणून मी मुस्काटात खाल्ली होती. तेव्हापासून हा नेम माझ्या हाडात बसला आहे.

तू वाकून चिमूटभर पांढरी पूड तळहातावर घेतलीस. बोट ओलं करून त्यावर ठेवलंस. पूड बोटाखाली लख्ख निळी झाली. तू वर बघून म्हणालास, "सद्या, ह्यातलं पाणी..."

मी तुझ्यावर डोळे वटारले. तरी तू पुढं बोलायला लागलास, म्हणून मी तुझ्या नडगीवर पाय मारला.

मला वाटलं, माल ओला झालाय, घेऊ नको, असं तू म्हणतोयस. सौदा झाला. ट्रकच्या केबिनमध्ये तासगाव येईपर्यंत मीच बोलत होतो, कुठल्या बोटावर तो अडला, कुठल्या बोटावर खाली आला. तू नडगी चोळत बाहेर बघत होतास. उतरलास तेव्हा काही बोलला नाहीस.

पुढची चूक माझी आहे आणि ती मी प्रामाणिकपणे केली आहे. हे दोन्ही शब्द तसेच छापावेत. माल फिका आहे म्हणजे जोर कमी, असं मी धरलं. चहा फिका झाला तर पावडर जास्त टाकतो, तसं. गिऱ्हाइकाला फसवायचं असतं तर गप्प बसून विकलं असतं. मी प्रत्येकाला बजावून सांगितलं, हे जरा उतरलेलं आहे, किलोच्या जागी सव्वा किलो घ्या. लोक म्हणाले, सदाशेट सरळ माणूस. मलाही बरं वाटलं.

माझ्या गिऱ्हाइकांतले एक बागायतदार बापू, लष्करातून सुभेदार होऊन आलेले. त्यांना सांगितलेलं म्हणजे हुकूम. सव्वा म्हणजे सव्वा. त्यांचा चुना जुना, पोत्यातच विरलेला. एरवी द्रावणात विळ्याचं पातं बुडवून बघायची त्यांची सवय. पातं तांबडं झालं तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. त्या दिवशी त्यांनी पातं बुडवलं नाही. का, तर सदाशेटनी सांगितलंय, मग तपासायचं काय. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

चौथ्या दिवशी ते टॉवेलमध्ये पानं घेऊन दुकानात आले. टॉवेल माझ्यापुढं उघडला. कडेनं काळी, मधे भोकं. म्हणाले, "सदाशेट, आमची अख्खी पलटण आडवी झाली बघा."

दुकानात अकरा माणसं होती. मी मोजली होती. अशा वेळी मी माणसं मोजतो. मी म्हणायला लागलो, चुन्याचा दोष असेल, हवामानाचा असेल. तेवढ्यात तू पायरी चढून आलास. पानं बघितलीस. सव्वापटीचं ऐकलंस. आणि मला बाजूला न घेता, डोळ्यांनी न खुणावता, माझ्या दुकानाच्या दाराच्या फळीवर खडूनं आकडे मांडायला लागलास. अडीचशे. त्यातून नव्वद गेले. राहिले एकशे साठ.

"माल उतरलेला न्हाई," तू म्हणालास. "चढलेला हाय. भट्टीनं पाणी नेलं, तांबं हाय तेवढंच ऱ्हायलं. ह्याचं एक किलो म्हंजे ताज्याचं दीड किलो धरा. त्यावर ह्यानं सव्वापट घालायला सांगितलं."

अकरा माणसांसमोर. माझ्याच फळीवर.

मी तुला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पगारी नोकर, बाटल्या धुणारा, इथपर्यंत गेलो. तू खडू खिशात ठेवलास आणि गेलास. नंतर बैलगाडी पाठवून उरलेली दोन पोती उचलून नेलीस. निरोप एवढाच, ही कुणाला विकू नको.

त्या फळीवरचे आकडे मी पुसले नाहीत. रागानंच पुसले नाहीत. पुसले असते तर लोक म्हणाले असते, सदाशेटला झोंबलं. रोज सकाळी फळी काढताना आणि संध्याकाळी लावताना ते डोळ्यांपुढं यायचे. अडीचशे, नव्वद, एकशे साठ. सातवीनंतर तू औंधच्या शाळेत गेलास आणि मी सांगलीला पोती उचलायला, पण आकडा मला कधी जड गेला नाही. आठ-दहा दिवसांत मला कळलं की तू बरोबर आहेस. त्यानं राग कमी झाला नाही. उलट वाढला.

दोन हंगाम आपण बोललो नाही. मग एका शनिवारी तू आलास, नेहमीच्या पोत्यावर बसलास आणि जणू काही झालंच नाही असा पाणी मागितलंस. माफी तू मागितली नाहीस, मीही नाही. मी म्हणालो, ते अडीचशेचं नीट सांग. एवढाच आपला समेट.

त्या दुपारी तू जे सांगितलंस ते तुझ्या कॉलेजच्या मुलांनीही असं ऐकलं नसेल, कारण त्यांनी माझ्यासारखे आडवे प्रश्न विचारले नसतील. तू म्हणालास, वजनावर जाऊ नको, पानाला किलो कळत नाही, तांब्याचे कण किती बसले तेवढं कळतं. मोरचुदात एक तांबं, त्याच्याबरोबर गंधकाचं एक गाठोडं, आणि त्यांच्या मागं पाच पाणी, असा एक जुडगा असतो. तुमच्या पुस्तकात त्याला सूत्र-एकक म्हणतात. तांबं आणि गंधकाचं गाठोडं मिळून एकशे साठ, एक पाणी अठरा, पाच पाणी नव्वद. मी म्हणालो, म्हणजे पाणी हे बारदान. पोत्यासकट वजन अडीचशे, बारदान वजा जाता माल एकशे साठ. तू मांडीवर थाप मारलीस. म्हणालास, हे आमच्या सरांनाबी सुचलं न्हाई. पुढं तू मुलांना तसंच सांगायला लागलास, असं ऐकतो. माझं नाव सांगितलंस की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

आणि मग ते शून्यांचं. असे मोजदादीबाहेरचे जुडगे एकत्र बांधले की त्या गठ्ठ्याला मोल म्हणायचं, असं तू म्हणालास. मी म्हणालो, मोल करायचं तू मला शिकवू नको. तू हसलाही नाहीस. अडीचशे ग्रॅम मोरचूद म्हणजे एक मोल. मी पंचवीस ग्रॅमचा एक खडा उचलून काट्यावर ठेवला आणि विचारलं, ह्यात जुडगे किती ते सांग. तू पुडीच्या कागदावर सहा लिहिलंस आणि पुढं शून्यं काढत बसलास. बावीस शून्यं. कागद संपला, दुसरा घेतलास.

मी म्हणालो, "दोन शून्यं सोड की."

"दोन सोडली तर शंभर खड्यांतला एक ऱ्हायला, गड्या."

"बरं, एक सोड. तुझं न्हाई, माझं न्हाई."

"सद्या, ही काय मेथीची जुडी हाय व्हय रं?"

आपण दोघं इतके हसलो की बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावली. आयुष्यात मी मागितलेली सूट एक पैशानंही न देणारा तू एकटाच निघालास. तेव्हा हसलो. आज ती बावीस शून्यं आठवली की हिशोब सुरू होतो. एका खड्यात एवढे, तर तुझ्या सव्वा एकरावर मी किती शिंपडले?

एक गोष्ट मात्र तू माझ्याकडून शिकलास, हे कॉलेजच्या अंकात आलंच पाहिजे. तुझ्या शेडमधल्या पोत्यांना पावसाळ्यात दमट हवा लागली. पांढरा माल हवेतलं पाणी ओढून पुन्हा निळा व्हायला लागला, पण सारखा नाही. तू वरची मूठभर पूड नेलीस, तापवून, वजन करून हिशोब काढलास आणि मला ऐटीत आकडा सांगितलास. मी माझी पोकळ सळई पोत्यात खुपसून तळाचा नमुना काढला आणि तुझ्यापुढं धरला. वरचा निळा, तळाचा पांढरा. पोतं तीन ठिकाणी बघायचं असतं, हे हमालालाही कळतं. तू सळईतली पूड चिमटीत घेऊन बघितलीस. मग आपला आकडा स्वतः खोडलास, माझ्यासमोर. मला ते कधीच जमलं नाही.

म्हणून आता जे राहिलं होतं ते लिहितो.

महिन्यापूर्वी तुझ्या ओसरीवर चहा पिताना मी तोच जुना विषय काढला. म्हणालो, तू गोदामात बघितलं होतंस, ओलं बोट लावून बघितलं होतंस, तुला तेव्हाच कळलं होतं. मग तेव्हा का गप्प बसलास? बापूंची बाग वाचली असती. माझी अब्रू वाचली असती. तुला मला अकरा माणसांत पाडायचंच होतं.

तू कप खाली ठेवलास. "तू कवा बोलू दिलंस?"

"मग लाथ मारून सांगायचं."

"लाथ तूच मारलीस, सद्या."

मी चहा अर्धा टाकून उठलो. फटफटीला किक मारली आणि मागं बघितलं नाही. तीच आपली शेवटची भेट. वहिनी सांगतात, तू बराच वेळ हसत होतास. मला ते खरं वाटत नाही. मला बरं वाटावं म्हणून त्या सांगतात असं वाटतं.

दिनू, तू सांगायला तोंड उघडलं होतंस. मी बंद केलं. ट्रकमध्ये पुन्हा संधी होती, तीही मी दिली नाही. आणि ट्रकमध्ये दिली असती तरी मी ऐकलं असतं का? बावीस पोती मातीच्या भावात मिळाली या नशेत होतो मी. बापूंची बाग तुझ्या गप्प बसण्यानं जळाली नाही, माझ्या पायानं जळाली. दुकानात अकरा माणसं होती. हा अंक हजार माणसं वाचतील. वाचू देत.

तरीही तू मला आधी बाजूला घ्यायला हवं होतंस, हे माझं म्हणणं कायम आहे. ते मी सोडणार नाही. खरं बोलायला तू नेहमी चुकीची जागा निवडायचास.

आता परवाचं सांगतो. सोनाराकडून त्याचा काटा मागून आणला, कारण माझ्या काट्यावर दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे. पोतं उघडलं, वरचा, मधला, तळाचा, सगळीकडचा माल काढून गोणपाटावर पाच किलोचा ढीग केला, कुटला, चारदा वर-खाली केला. त्यातला पन्नास ग्रॅम मापला. तुझ्या ओसरीवर स्टो पेटवला आणि समोर दिसला तो लोखंडी तवा ठेवला.

वहिनींनी तवा उचलून घेतला. "आवं, तव्यात न्हाई करत ते. तांबं लोखंडाला धरतंय. बशीत करायचे ते." आणि तुझी चिनी मातीची पांढरी बशी आणून दिली. सुरुवातीलाच मी चुकलो होतो, आणि तू वर्षानुवर्षं मला हे बजावलं होतंस.

तापवलं. माल पांढरा होत गेला. उतरवला, निववला, काट्यावर घातला. एक्केचाळीस. पुन्हा तापवला. एकोणचाळीस आणि वर थोडं. पुन्हा. एकोणचाळीस. आणखी एकदा, खात्रीला. एकोणचाळीस. दोन वजनं सारखी आली की थांबायचं, काळा पडेपर्यंत जायचं नाही. तसा थांबलो. म्हणजे पाणी अकरा ग्रॅम उडालं, माल एकोणचाळीस राहिला. एकोणचाळीसला एकशे साठानं भागलं, मोल आले पावाहून जरा कमी. अकराला अठरानं भागलं, सहा दशांशाहून जरा जास्त. एका तांब्यामागं पाणी किती? दुसऱ्याला पहिल्यानं भागलं.

अडीच.

मी पेन खाली ठेवलं. तू मला सांगितलं होतंस की पाणी पाच असतं, तापवलं की तीन राहतं, मग एक, मग काही नाही. अर्धं पाणी कुठं असतं? अर्धा माणूस असतो का? मी पुन्हा भागाकार केला. अडीच. वजनं तपासली. काट्याची पारडी बदलून बघितली. अडीच. वाटलं, कुठंतरी मुळातच चुकलोय आणि मला दिसत नाहीये, जसं तेव्हा दिसलं नाही. तेव्हाही मला खात्री होती. तेव्हाही लोक म्हणाले होते, सदाशेट सरळ माणूस. फरक एवढाच की तेव्हा चूक फळीवर लिहून दाखवणारा होता. मी मोठ्यानं म्हणालो, वहिनी, हे आपण करायला नको. मिरजेचा माल येऊ दे.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, तोवर केवडा घडात जाईल. मग त्यांनी विचारलं, "चांगली आन् हलकी हळद एका पोत्यात आली तर भाव कुठला लावता तुमी?"

"मधला," मी म्हणालो, आणि माझ्याच कानावर माझा शब्द पडला.

पोत्यात वरचा माल पाच पाण्याचा होता, तळाचा एक पाण्याचा. मीच कुटून मिसळला होता. अर्धं पाणी कुणाकडंच नव्हतं. सगळ्यांची सरासरी अडीच होती. पोतं तीन ठिकाणी बघायला शिकवणाऱ्या माणसाला हे एका विधवेनं हळदीवरून सांगावं लागलं. राग येण्यासारखी गोष्ट होती, पण मला राग आला नाही. बहुतेक भीती जास्त होती.

अडीच पाणी म्हणजे पंचेचाळीस. एकशे साठ आणि पंचेचाळीस, दोनशे पाच. ताज्या अडीचशेच्या जागी हे दोनशे पाच घ्यायचं. चार किलोच्या जागी तीन किलो दोनशे ऐंशी ग्रॅम. फिकं दिसतं म्हणून कमी घ्यायचं. सांगणारा मी आणि ऐकणाराही मीच, तरी हात धजत नव्हता.

काल सकाळी चुना ताजा भट्टीचा आणला, दगड स्वतः निवडून. मोरचूद लाकडी पिंपात भिजवलं, चुना वेगळा विझवला, मोरचुदाचं पाणी आणि चुन्याचं पाणी एकदम तिसऱ्या पिंपात ओतलं. आभाळासारखा निळा रंग आला. वहिनींचा विळा मागून घेतला, घासून चकचकीत केला, बुडवून धरला. किती वेळ धरायचा ते आठवेना. शंभर मोजले. बाहेर काढला. पातं पांढरंच होतं. पुन्हा बुडवला, पुन्हा शंभर. गडी पंप पाठीला लावून एकमेकांकडं बघत होते. एकजण म्हणाला, शेट, विळा भिजवून नरम करताय काय. एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी तिसऱ्यांदा बुडवला.

मग हो म्हणालो.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. विळा खोटं सांगत असेल तर? सोनाराचा काटाच चुकीचा असेल तर? वहिनींकडं ही बाग सोडून दुसरं काही नाही. तुझी बाग माझ्या हातून जळाली तर मी वहिनींना तोंड कसं दाखवू? इथंच थांबतो.

* * *

आज दुपार. दहावा झाला. नदीवर घास ठेवला आणि कावळा लगेच आला. भावकीतले लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती त्याची. खरं असेल. अडकलेला मी होतो.

तिथून सरळ बागेत गेलो. बांधावर जाऊन उभा राहिलो. वहिनी मागून आल्या, माझ्याशेजारून आत गेल्या, एका ओळीनं शेवटपर्यंत पानं उलटून बघत गेल्या आणि दुसऱ्या ओळीनं परत आल्या. तेवढा वेळ मी किती श्वास घेतले ते सांगता येणार नाही.

"काय झालेलं न्हाई. हिरवं हाय," त्या म्हणाल्या.

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्यानं तपासलेल्या मालावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. आत जाऊन चाळीस वेली स्वतः बघितल्या, वरची पानं, खालची पानं, पानाची पाठ. निळसर थर सारखा बसला होता, कडा कोवळ्या, हिरव्या. शेवटच्या ओळीत एक करपलेलं पान सापडलं, ते तोडून उजेडाला धरलं. ते जुनं होतं, तारेला घासून फाटलेलं. पलीकडच्या बागेतले पिवळे डाग बांधापर्यंत आले होते, बांधाच्या अलीकडं एकही नव्हता.

मी तिथंच मातीत बसलो. वहिनी पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, पुढचा फवारा कवा. मी म्हणालो, आठ दिवसांनी, पण पोतं उघडलंय, धुक्याचं पाणी ओढतंय, आज अडीच आहे ते तेव्हा अडीच राहणार नाही, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल. त्या शांतपणे म्हणाल्या, मग पुढच्या वेळी आकडे मी मांडते, तुमी तपासा.

मी बरं म्हणालो. एकानं मांडायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, एवढी साधी रीत. आपल्याला इतकी वर्षं मिळाली होती, दिनू. तू मांडायचास आणि मी चिडायचो.